मांडीवरची पत्रिका

वैशाख लागला की माझ्या फोनला धाप लागते. सकाळी उठून बघावं तर चार-पाच लग्नं येऊन पडलेली असतात. सनई वाजते, गुलाबाच्या पाकळ्या वरून खाली पडतात, नवरा-नवरीचे फोटो गिरक्या घेत येतात आणि आपण मुहूर्त कधीचा आहे ते शोधेपर्यंत सगळं संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. सून म्हणते, "मम्मी, किती छान करतात ना हल्ली?" छान करतात, मी कुठं नाही म्हणते! फक्त माझा हात सवयीनं पत्रिका उलटून मागची बाजू बघायला जातो आणि फोनला मागची बाजू नसते. मागच्या बाजूला तर खरी गंमत असायची. सगळे चुलते, मामा, दाजी, भाऊबंद तिथं दाटीवाटीनं बसलेले असायचे.

त्यातल्या कितीतरी जणांना मी बसवलंय. आमचं आळेफाट्यावर कापडाचं दुकान. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण ते 'मूळचं' आता इतकं जुनं झालंय की आमच्या घरात भांडणंसुद्धा मराठीतच होतात. माझं माहेर मंचरचं. घोडनदी ओलांडून कुकडीच्या पाण्याला आले, एवढाच काय तो परदेश. दुकानात येणारा प्रत्येक माणूस मला भाभी म्हणतो, सासऱ्यांच्या वयाचे शेतकरीसुद्धा. लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं जीप भरून बस्ता बांधायला यायची. बायका गादीवर बसून शालू उलगडायला लावायच्या आणि पुरुषमंडळी चहा पिऊन कंटाळायची. त्यांचा कंटाळा बघूनच माझ्या सासऱ्यांच्या, बाबूजींच्या डोक्यात पत्रिकेची कल्पना आली. "सून टायपिंगची परीक्षा पास झालेली आहे, ती काय नुसत्या घड्या घालायला?" असं म्हणून त्यांनी नव्वदचं दशक संपता संपता कॉम्प्युटर आणला आणि शालूंच्या कपाटाशेजारी भिंतीला लावून ठेवला.

तो विंडोजवाला. दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचा, बसका आणि जड. त्याला मी उरलेल्या जरीच्या काठाचं झाकण शिवलं होतं. सकाळी चालू केला की आधी पंख्याची घरघर, मग चार सुरांची ती सलामी, आणि ती झाली की बाबूजी दुकानात उदबत्ती फिरवायचे. उदबत्ती आणि तापलेली धूळ यांचा मिळून एक वास यायचा. आजही कुठं जुना टीव्ही तापला की मला तो वास येतो आणि उगाच वाटतं, आज लग्नतिथी दाट आहे, गर्दी होणार.

पत्रिका करायची म्हणजे मी भिंतीकडे तोंड करून बसायची आणि माझ्या पाठीमागं अख्खं गाव. स्टुलं, खुर्च्या, कापडाचे गठ्ठे, जे मिळेल त्यावर माणसं बसायची, मागच्या रांगेतली उभी राहायची. कीर्तनाला बसल्यासारखी सगळी त्या काचेकडे बघत. "भाभी, आबांचं नाव जरा वर घ्या." "वर कुठं, सरपंचाच्या डोक्यावर का?" "किलबिलमधी आमचा बाळ्या ऱ्हायला न्हवं!" किलबिल म्हणजे पत्रिकेतली पोराबाळांच्या नावांची ओळ, आणि बाळ्या तेव्हा पोटात असायचा कधीकधी. नावासाठी माणसं किती हळवी होतात, ते मी मागं न बघता नुसत्या आवाजांवरून शिकले. ज्याचा आवाज चढलेला तो तिसऱ्या ओळीतला, आणि जो खाकरून गप्प बसला त्याचं नाव राहिलेलं, हे मला बरोबर कळायचं.

एकदा राजुरीची मंडळी आली होती. मुलाचा मामा वर की आत्याचे यजमान वर, यावर जुंपली. मी आपलं मामांना खाली घेतलं, आणि त्याच क्षणाला पडदा झर्रकन निळा झाला. पांढरी इंग्रजी अक्षरं, बाकी काही नाही. विंडोजचं ते नेहमीचं होतं, उन्हाळ्यात तर आठवड्याला एकदा. पण मागची स्टुलं एकदम पुढं सरकली. मग एक म्हातारबा म्हणाले, "बगा, मामाला खाली घातलं तर मशीनबी थांबलं. घ्या राव वर त्यांला." मशीन पुन्हा सुरू केलं, मामांना वर घेतलं, पत्रिका बिनबोभाट पार पडली. त्यानंतर राजुरीच्या कुठल्याही पत्रिकेत मामाचा मान कुणी काढला नाही. मीही कुणाला खरं कारण सांगितलं नाही. धंद्यात थोडी श्रद्धा असलेली बरी असते.

पण लग्नसराई आणि विजेचं वैर जुनं. दोन हजार सालानंतर ते वाढतच गेलं. ऐन चैत्र-वैशाखात दिवसाच्या दिवस वीज नसायची. यूपीएस टुक टुक करून जीव सोडायचा आणि त्याच्याबरोबर माझी न साठवलेली सत्तर नावं जायची. एका उन्हाळ्यात विजेच्या झटक्यानं तो कॉम्प्युटर कायमचा बसला. माझे दीर, किशोर, पुण्याला एका छापखान्यात डिझाइनचं काम करायचे. ते म्हणाले, "भाभी, आता मॅक घ्या. आमच्याकडे सगळं त्यावरच चालतं. बॅटरीवर चालतो, मांडीवर बसतो." आणि अक्षय्य तृतीयेच्या आधी ते एक पांढराशुभ्र लॅपटॉप घेऊन आले. मला आठवतं, तो उघडायच्या आधी मी हात धुऊन आले होते.

बाबूजींनी झाकणावरचं चित्र बघितलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हे फळ खाल्लेलं आहे." किशोरभाऊ म्हणाले, "ती कंपनीची खूण आहे." "खूण असू दे. शुभकार्याची पत्रिका काढायची आणि वर उष्टं फळ?" तोडगा गिऱ्हाइकानं काढला. परकरपोलकं घ्यायला आलेली एक आजी काउंटरवरून म्हणाली, "शेठ, शबरीची बोरं उष्टीच व्हती की. देवानं खाल्ली." बाबूजी हसले. मग त्यांनी पूजा मांडली आणि त्या पांढऱ्या झाकणावर ओल्या कुंकवानं छान ठसठशीत स्वस्तिक काढलं, वर अक्षता टाकल्या. कुंकू कधीच पूर्ण निघालं नाही, गुलाबी सावली उरली. अक्षतांपैकी एक दाणा कुठल्या तरी बटणाखाली गेला, तो पुढं कित्येक दिवस कर्र कर्र करून आपलं अस्तित्व सांगत होता. किशोरभाऊंनी कपाळाला हात लावला. मला मात्र तेव्हा पहिल्यांदा ते यंत्र आपल्या घरातलं वाटलं.

वाटलं खरं, पण हात वळायला फार दिवस लागले. नवी नवरी सासरी येते तेव्हा मिठाची बरणी कुठं, तेलाची कुठं हे माहीत नसतं. हात माहेरच्या फळीकडे जातो आणि तिथं भिंत असते. माझं अगदी तेच झालं. खिडकी बंद करायला मी उजव्या कोपऱ्यात जायची, तर बटण डावीकडे. खाली डाव्या कोपऱ्यात 'स्टार्ट' शोधायची, तर तिथं काहीच नाही. कंट्रोल दाबला की काही होत नसे, आणि ज्यानं होत असे ते बटण माझ्या अंगठ्याला सापडत नसे. जुन्या मराठी पत्रिका त्यात उघडल्या तर अक्षरांच्या जागी नुसत्या तारा, चौकोन आणि कंस. इतक्या वर्षांचे मामा-मावश्या एका फटक्यात परके झाले. एका दुपारी मी गाठोड्यांच्या मागं बसून रडले. यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, वाटलं माहेरून काही वाईट निरोप आला. "काय झालं?" "डावीकडे आहे," मी म्हटलं. "काय?" "सगळंच." ते बिचारे पाणी घेऊन आले. विंडोज वाईट नव्हता हो. कटकट्या होता, पण त्याच्या खोड्या मला पाठ होत्या, आणि ओळखीच्या कटकटीचा माणसाला लळा लागतो.

हळूहळू मात्र एक गोष्ट लक्षात यायला लागली. वीज गेली तरी हा चालूच. पंख्याची घरघर नाही, त्यामुळे बाहेरच्या लिंबावरचे पोपट ऐकू येत. आणि हा भिंतीला बांधलेला नव्हता. मी उकाडा झाला की ओट्यावर येऊन बसे, मांडीवर उशी, उशीवर हा. माणसं समोर बसत. आयुष्यात पहिल्यांदा मला पत्रिका करताना माणसांचे चेहरे दिसायला लागले. नाव मोठं केलं की डोळे कसे लकाकतात, नाव नाही म्हटल्यावर माणूस चपलेकडे कसा बघतो, हे सगळं आतापर्यंत माझ्या पाठीमागं होत होतं. मला त्याचं फार नवल वाटलं आणि थोडं वाईटही.

त्याच मोसमात येडगावच्या सुमनताईंच्या मुलीचं लग्न ठरलं. सुमनताईंचा नवरा मुलगी पाळण्यात असताना गेला होता. दिराच्या आधारानं, पण स्वतःच्या हातानं त्यांनी टोमॅटो पिकवले, क्रेट टेम्पोत घालून नारायणगावच्या बाजारात विकले आणि मनीषाला नर्सिंगपर्यंत शिकवलं. बाजारात भावासाठी भल्याभल्यांशी भांडणारी ती बाई आमच्या दुकानात आली की गादीच्या अगदी कडेला बसायची. बस्त्याच्या दिवशी तिनं मुलीसाठी मोरपंखी शालू निवडला आणि तो मिटताना पदरावर असा हात फिरवला की मी दुसरीकडे बघितलं.

पत्रिकेचा मजकूर त्यांचे थोरले दीर, तुकाराम आण्णा, सांगून गेले होते. वधूचं नाव, 'कैलासवासी सखाराम यांची एकुलती एक सुकन्या', निमंत्रक स्वतः आण्णा, मग भाऊबंद, मामा, आप्तेष्ट, किलबिल. सुमनताईंचं नाव कुठंच नव्हतं. त्यात आण्णांचा दुष्टावा नव्हता. आमच्या भागात पद्धतच तशी. नवरा गेलेल्या बाईचं नाव पत्रिकेत आलंच तर कुठंतरी खाली, आज्यांच्या रांगेत. निमंत्रक म्हणून वर तर नाहीच, लग्नात विघ्न नको म्हणून. मीही अशा कितीतरी पत्रिका भिंतीकडे तोंड करून मुकाट्यानं केल्या होत्या.

दोन दिवसांनी आण्णांचा फोन आला. "भाभी, तुमचं ते मशीन म्हणं पिशवीत घालून फिरवता येतं. मग घरीच या की. इथं समदे हायेत, एका बैठकीत उरकू. दुकानात येऊन परत परत तेच व्हतं." यांनी लॅपटॉप मऊ सुती कापडात गुंडाळून शालूच्या खोक्यात ठेवला, म्हणजे रस्त्यात धक्का लागायला नको आणि कुणाला कळायलाही नको. स्कूटरवर मी ते खोकं पोटाशी धरून बसले. धरणाचं पाणी खूप खाली गेलं होतं, तरी वाऱ्याला त्याचा गारवा होता. काठाच्या वावरांत कांद्याच्या आरणी, पातीनं झाकलेले ढीग, दिसत होत्या.

अंगणात पोहोचलो तर बायका खाटेवर कुरडया घालत होत्या. खोकं बघून सगळ्या हात पुसत धावल्या, "आगं बस्त्यातलं कायतरी ऱ्हायलं व्हतं वाटतं!" झाकण उघडल्यावर आतून मशीन निघालं, तेव्हा जो हशा झाला तो आण्णांनाही आवरता आला नाही. पडवीत सतरंजी टाकली होती. मी मांडीवर उशी घेतली. पुरुष समोर बसले, आणि बायका परत कुरडयांकडे जायला निघाल्या. पण पडवी आणि अंगण यांच्यात दुकानासारखा काउंटर नव्हता. एक थांबली, मग दुसरी थांबली. बघता बघता माझ्या दोन्ही खांद्यांवरून पिठाळ हातांच्या बायका वाकून बघायला लागल्या. आपापल्या नवऱ्यांची नावं सापडली की कोपरानं एकमेकींना ढोसत होत्या.

सुमनताई सगळ्यात शेवटी आल्या. चौथी शिकलेल्या, त्यामुळे बोट न लावता पण ओठ हलवत, वरून खालपर्यंत सगळी पत्रिका त्यांनी वाचली. किलबिलची ओळ वाचून हसल्या. "लई झ्याक झालीया," म्हणाल्या. मग पदर सारखा करत अगदी हळू आवाजात मला म्हणाल्या, "भाभी, ह्यात माझं नाव लिव्हता येतंय का? छापू नका. नुसतं लिवून दावा. कसं दिसतंय ते बगते अन् मग पुसा."

आवाज हळू होता, पण पडवी लहान होती. सगळ्यांनी ऐकलं. मी आण्णांकडे बघितलं. ते तंबाखू मळायचे थांबले होते. भिंतीकडे तोंड असतं तर मला कुणाकडे बघावंच लागलं नसतं. मी निमंत्रकाच्या जागी, आण्णांच्या नावाच्या वर, टाइप केलं: श्रीमती सुमन सखाराम, आणि पुढं त्यांचं आडनाव. त्याच मापात, त्याच लाल रंगात.

सुमनताई बघत राहिल्या. मनीषा आतून आली आणि आईच्या मागं उभी राहिली. बाहेर खाटेवरच्या कुरडयांवर कावळा बसला, तर त्यालाही कुणी हाकललं नाही. मग सुमनताईंनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "बास. बगितलं. पुसा आता."

माझं बोट बटणावर गेलं होतं. एक नाव पुसायला किती वेळ लागतो? पण ते बोट काही खाली जाईना. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई, मशीन नवं आहे. मला यावर लिहायचं जमतं, पुसायचं अजून आलेलं नाही."

इतकं उघडउघड खोटं मी दुकानात कधी बोलले नव्हते. आत्ताच सगळ्यांसमोर तीन नावं मी पुसून पुन्हा लिहिली होती. हे माझ्याकडे डोळे विस्फारून बघत होते. सगळे आण्णांकडे बघायला लागले. आण्णांनी तंबाखू परत डबीत टाकली, चष्मा लावला, पुढं सरकून ते नाव नीट वाचलं. मग भावजयीकडे न बघता, अंगणाकडे बघत म्हणाले, "पुसाया येत न्हाई म्हंता?"

"नाही, आण्णा."

"मंग आपला काय इलाज हाय?" ते म्हणाले. "मशीन पडलं परदेशाचं, त्याला आपली पद्धत काय म्हाईत. ऱ्हाऊ द्या तसंच. कुनी इचारलं तर सांगू, भाभीला पुसाया येत न्हवतं." आणि हसले. मोठे हसले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या माणसालाही कितीतरी दिवस एखादं निमित्त हवं होतं. पद्धत मोडायची तर खापर कुणाच्या तरी माथी फोडावं लागतं. ते आमच्या मॅकच्या माथी फुटलं आणि पडवीतले सगळे मोकळे झाले. कुणीतरी कावळा हाकलला. ऊन उतरलं तसं सुमनताईंनी घाईनं मला ताट वाढलं, कांदा-लसूण न घातलेली मुगाची आमटी आणि भाकरी. "जेवून घ्या भाभी, दिस मावळायच्या आत," म्हणाल्या. आमच्या जैन घरचा नियम त्यांनी कधी कुणाला विचारला होता कोण जाणे.

त्यानंतर मी विंडोजला परत गेले नाही. पुढं लॅपटॉप बदलले, मराठी अक्षरं सगळीकडे सारखी दिसायला लागली, आणि आता तर माझं कामच फोननं नेलं. त्याची फारशी खंत नाही. मी सुखानं गादीवर बसून सुनेला साड्यांचे पोत शिकवते. कुणी विचारलं की मॅक चांगला की विंडोज, तर मी सांगते की दोन्ही चांगले, माझ्यापुरता फरक एवढाच की एकाच्या समोर बसताना माणसं मागं राहिली.

मनीषाची ती पत्रिका छापून गेल्यावर आठेक दिवसांनी, भर दुपारी, सुमनताई दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या. घामाघूम, खांद्याला पत्रिकांची पिशवी, पायांवर धूळ. एरवी आमंत्रणाला घरचे पुरुष मोटारसायकलवर यायचे, पत्रिका काउंटरवर ठेवून चहा न घेता पुढं जायचे. मी म्हटलं, "ताई, या उन्हात तुम्ही कशाला आलात? आण्णांनी कुणाच्या हाती पाठवली असती."

त्यांनी पिशवीतून पत्रिका काढली, तिच्यावर अक्षता ठेवल्या आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली. गादीच्या कडेला नाही, दुकानाच्या मधोमध उभं राहून.

"एस्टीनं समदी गावं मीच फिरतेय," त्या म्हणाल्या. "निमंत्रक मी हाय न्हवं? मंग बोलवायला मलाच याया पायजे. लेकीच्या लग्नाला यायचं, भाभी."